फसवाफसवीच्या नव्या शब्दांचा कोश: काय ठेवावं, काय गाळावं, अर्थ कसा लिहावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी ‘खोटेपणाचे आणि फसवणुकीचे नवे शब्द’ असा छोटा कोश करायचा आहे. दीडेकशे शब्द जमलेत: टोपी, चुना, शेंडी, गंडा, झोल, पोपट, मामा, ढपला, फर्स्ट कॉपी, बोगस, फेक आयडी, डीपफेक, डिजिटल अरेस्ट. यातले खरोखर नवे कोणते, ठेवायचे कोणते आणि अर्थ नेमका कसा लिहायचा?

पहिलं काम यादी कापण्याचं. जमलेल्या शब्दांत निम्मे तरी जुने निघतील. शेंडी लावणे, तोंडाला पाने पुसणे, हातावर तुरी देणे, डोळ्यांत धूळ फेकणे हे वाक्प्रचार आपल्या आजोबांच्याही तोंडात होते. शब्द नवा वाटला की आधी दोन ठिकाणी बघा: मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८). दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात इंटरनेटवर फुकट शोधता येतात. शोधताना हमखास होणारी चूक म्हणजे क्रियापदाखाली शोधणं. वाक्प्रचार नामाखाली असतो. ‘शेंडी लावणे’ हवं असेल तर ‘शेंडी’ उघडा आणि नोंद शेवटपर्यंत वाचा, कारण वाक्प्रचार बहुतेक तळाशी असतात. शुद्धलेखनाचे दोन-तीन पर्यायही टाकून बघा, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार तेव्हा वेगळे होते. कोशात शब्द मिळाला म्हणून तो लगेच बाद करू नका. शब्द जुना आणि अर्थ नवा असंही होतं. ‘पोपट’ पक्षी म्हणून जुनाच आहे, ‘माझा पोपट झाला’ हा वेगळा माल आहे.

आता मुख्य मुद्दा. शब्द मराठीत मुरला की नाही हे नामावरून कळत नाही, त्याला कुठलं क्रियापद मिळालं यावरून कळतं. म्हणून यादी अकारविल्हे लावण्याआधी एकदा क्रियापदांप्रमाणे लावून बघा. चार ढीग पडतात.

पहिल्या ढिगात फसणाऱ्याच्या अंगावर काहीतरी चढतं: टोपी घातली, चुना लावला, शेंडी लावली, गंडा घातला, पाने पुसली. फसलेला माणूस इथे ‘ला’ प्रत्यय घेऊन वाक्यात हजर असतो आणि बहुतेक वेळा त्याचं नुकसान पैशाचं असतं. म्हणून तर बातमीच्या मथळ्यात ‘पाच लाखांचा गंडा’ असा आकडा सहज बसतो. (मंतरलेल्या दोऱ्यालाही गंडाच म्हणतात, गंडादोऱ्यातला. तोही अंगावरच बांधतात.)

दुसऱ्या ढिगात काहीतरी फेकलं किंवा सोडलं जातं: थाप मारली, बंडल मारलं, पुडी सोडली, फेकतोय. इथे कुणी फसायलाच हवं असं नाही. कट्ट्यावर बसून एखादा तासभर फेकत असतो, सगळ्यांना ते माहीत असतं आणि सगळे मजेत ऐकत असतात. थापाड्या आणि बाताड्या हे शब्द या ढिगातले. त्यात रागापेक्षा हसूच जास्त.

तिसऱ्या ढिगात माणूसच दुसरा कुणीतरी होतो: मामा बनवला, उल्लू बनवला, पोपट केला, येड्यात काढलं. पैसे गेले नाहीत तरी चालतं, इज्जत जाते. ‘पोपट’ची नोंद लिहिताना ‘फसवणूक’ एवढाच अर्थ दिला तर चूक होईल. चारचौघांत तोंड पडलं, हा त्यातला गाभा आहे.

चौथा ढीग कोल्हापूरकरांना सांगायला नको. ढपला पाडणे. ढपला म्हणजे मोठ्या वस्तूचा निघालेला तुकडा. सार्वजनिक कामातून, टेंडरातून, संस्थेच्या तिजोरीतून आपला वाटा गुपचूप काढला की ढपला पडला. या वाक्याचं व्याकरण बघा: ‘रस्त्याच्या कामात ढपला पाडला.’ कुणाला फसवलं, ती जागा वाक्यात नाहीच. ‘ला’ नाही, ‘त’ आहे. नुकसान सगळ्यांचं, म्हणून वाक्यात कुणाचंच नाही. इथल्या वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका वापरला की त्याला ‘ढपलेबाज’ असं पोरही झालं. तुमच्या कोशात सगळ्यात जास्त जागा या नोंदीला द्या. टोपी आणि चुना कुठल्याही गावचा संपादक देईल.

हे ढीग लावले की नवे पाहुणे ओळखता येतात. ‘स्कॅम’ आणि ‘फ्रॉड’ अजून ‘करणे’ आणि ‘होणे’ यांवरच चालतात, म्हणजे दारात चप्पल काढून उभे आहेत. ‘फिल्टर मारणे’ (फोटो अ‍ॅपमध्ये घालून चकचकीत करणे) मात्र सरळ दुसऱ्या ढिगात जाऊन बसलंय, थापेशेजारी. कुणी ठरवून केलेलं नाही, ‘मारणे’ आपोआप आलं. ‘सेटिंग लावणे’ या वर्गवारीत नीट बसत नाही: क्रियापद पहिल्या ढिगाचं, पण सेटिंग ज्याला लावतात तो फसत नाही, दोघे मिळून तिसऱ्याला फसवतात. अशा अडणाऱ्या शब्दांना ओढून-ताणून ढिगात घालू नका, नोंदीत तसं लिहा.

परका शब्द किती आत आला हे मोजायला पायऱ्या आहेत. आधी तो अवतरणचिन्हात येतो. मग त्याला लिंग मिळतं: मोठा झोल, नवी लिंक. मग अनेकवचन. मग सामान्यरूप, आणि ही पायरी सगळ्यात खात्रीची: ‘बंडलाची किंमत’ म्हणताना मध्ये ‘आ’ येतो, ‘स्कॅमची बातमी’ म्हणताना येत नाही. त्यानंतर प्रत्यय लागतात, -बाज, -गिरी, -खोर: फ्रॉडगिरी ऐकू येऊ लागलं आहे. शेवटी फसवाफसवी, बनवाबनवी, फेकाफेकी यांसारखं दुहेरी रूप. प्रत्येक नोंदीत शब्द कुठल्या पायरीवर ऐकला ते लिहिलंत, तर दहा वर्षांनी तोच अंक चाळणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होईल. लिंगाबाबत दोन मतं ऐकू आली तर दोन्ही लिहा, तुमच्या कानाला बरं वाटतं ते एकच लिहू नका.

अर्थ लिहिताना सगळ्यात मोठा घोळ विशेषणांत होतो. नकली, बनावट, बोगस, डुप्लिकेट, डमी, तोतया, बेगडी, भोंदू: या आठही शब्दांपुढे ‘खोटा’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. त्यावर अदलाबदलीची चाचणी लावा. नोट, पोलीस, बियाणे, डॉक्टर, परीक्षार्थी, किल्ली अशी सहा नामं घ्या आणि प्रत्येक विशेषण प्रत्येक नामाला लावून मोठ्यानं वाचा. ‘बनावट नोट’ चालतं, ‘तोतया नोट’ नाही. ‘तोतया पोलीस’ चालतं, ‘डुप्लिकेट पोलीस’ म्हटलं तर हसू येतं. ‘डमी परीक्षार्थी’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी पेपर लिहिणारा. ‘बोगस परीक्षार्थी’ म्हणजे फॉर्मच खोटा. आणि ‘डुप्लिकेट किल्ली’त खोटेपणाचा मागमूस नाही, ती कुलूप उघडते आणि घरमालकानंच करून घेतलेली असते. अठ्ठेचाळीस जोड्यांचा तक्ता एका दुपारी भरून होतो. पाच जणांकडून वेगवेगळा भरून घ्या, चार जण सहमत असतील तेवढंच छापा.

या चाचणीतून आठही शब्दांचे अर्थ वेगळे होतात. तोतया फक्त माणूस असतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या नावावर किंवा हुद्द्यावर जगतो. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं एक तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. तेव्हापासून आजच्या ‘तोतया अधिकाऱ्या’पर्यंत शब्दाचं काम बदललेलं नाही. बोगसमध्ये अधिकार किंवा कागद नसतो: बोगस डॉक्टरचं इंजेक्शन खरं असू शकतं, पदवी नसते. बोगस बियाण्याच्या पिशवीवर लेबल असतं, आत उगवण नसते. हा शब्द १८२७ च्या सुमारास अमेरिकेत ओहायोमध्ये खोटी नाणी पाडायच्या यंत्राला वापरला गेला. आपण तोच शब्द शेतात नेला. बेगड म्हणजे चमकता पातळ पत्रा, म्हणून बेगडी हे वस्तूपेक्षा प्रेमाला, देशभक्तीला, मोठेपणाला जास्त लागतं.

यानंतर प्रत्येक नोंदीला एक छोटी खूण जोडा: शब्द कुणाचा? फसवणाऱ्याचा, फसलेल्याचा की तिऱ्हाइताचा? एकाच वस्तूला तिघांचे तीन शब्द असतात. नामांकित कंपनीचा बूट दिसायला तसाच, किंमत दहावा हिस्सा. विकणारा म्हणतो ‘फर्स्ट कॉपी’, घेणारा घरी जाऊन म्हणतो ‘डुप्लिकेट निघाला’, पंचनाम्यात लिहितात ‘बनावट’. ‘फर्स्ट कॉपी’चा अर्थ ‘उत्तम प्रतीची नक्कल’ असा लिहिलात, तर तुम्ही विक्रेत्याची जाहिरात केलीत. ‘नकली मालाला विक्रेत्यांनी दिलेलं सौम्य नाव’ असं लिहा.

‘डिजिटल अरेस्ट’मध्ये ही चूक महागात पडते. यादीत याचा अर्थ ‘ऑनलाइन केलेली अटक’ असा दिसतो. तसा छापू नका. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कुठलीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. हा शब्दच फसवणाऱ्याचा आहे आणि त्याच्यातच थाप भरलेली आहे. नोंद अशी हवी: ‘पोलीस, सीबीआय किंवा कस्टम्सचे अधिकारी असल्याची बतावणी करून, व्हिडिओ कॉल चालू ठेवायला लावून, धाक दाखवून पैसे उकळण्याचा प्रकार. अशी अटक कायद्यात नाही.’ शेवटचं वाक्य कोशाच्या रिवाजात बसत नाही, तरी ठेवा. जमल्यास सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांकही तिथेच द्या. वार्षिकांक घरी जातो, घरी आजी-आजोबा असतात.

खोटं असून फसवणूक नसलेल्या वस्तूही आहेत, त्यांना वेगळा कप्पा करा. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, ‘एक ग्रॅमचा साज’ मागणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही माहीत असतं की वर फक्त मुलामा आहे. इथे कुणी कुणाला टोपी घालत नाही. तीच वस्तू सोन्याच्या भावात विकली तर मात्र पहिला ढीग. सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) असल्याशिवाय विक्री करायची नाही, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. त्यामुळे ‘नंबर हाय काय?’ हा प्रश्न सराफ कट्ट्यावर खरं-खोटं विचारण्याची नवी रीत होऊ शकतो. तो ऐकू आला तर टिपा. जुनी जोडीही बाजूला द्या: कस, कसोटी, टंच आणि पितळ उघडं पडणं. हे सगळे शब्द धातूंच्या बाजारातून माणसांच्या स्वभावाकडे गेलेत.

चपलेचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे चार येतात. म्हणजे बेळगावची चप्पल ‘नकली कोल्हापुरी’ नाही आणि शहरातल्याच दुकानातली रेक्झिनची चप्पल अस्सल नाही. ‘अस्सल’ची नोंद करताना गावाचं नाव आणि माल यांची गल्लत टाळा. गुळातल्या साखरेच्या मिसळीला नकली म्हणत नाहीत, भेसळ म्हणतात. खरी वस्तू आत आहे, सोबत दुसरी घातली आहे.

आता शब्द गोळा कसे करायचे. ‘याचा अर्थ काय?’ असं कधी विचारू नका. विचारलंत की समोरचा शिक्षक होतो, पुस्तकी बोलतो आणि दोनदा अर्थ बदलतो. प्रसंग सांगा आणि विचारा, ‘ह्याला काय म्हणतासा?’ मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असताना, बसस्थानकात, तालमीच्या कट्ट्यावर, हुपरीत चांदीच्या कामाजवळ, इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडबाहेर, प्रत्येक ठिकाणचं उत्तर वेगळं येईल. पूर्ण वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. ‘फसिवलं’ ऐकलं तर ‘फसवलं’ करू नका. मुलगी ‘मी फसलो’ म्हणाली तर ‘फसले’ करू नका, कोल्हापुरी बोलीत ते बरोबर आहे. मोबाईलवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा आणि नंतर वाक्यातली नावं काढून ‘अमका’ घाला. फसवणुकीच्या शब्दांना उदाहरण म्हणून जिवंत माणसाचं नाव छापणं म्हणजे वकिलाला घरी बोलावणं आहे.

एका शब्दाला एक कार्ड. त्यावर शब्द, लिंग, सोबतचं क्रियापद, ऐकलेलं वाक्य, बोलणाऱ्याचं अंदाजे वय आणि धंदा, कुणाशी बोलत होता, गाव, तारीख. अर्थाची ओळ सगळ्यात शेवटी आणि पेन्सिलनं. छापायला घ्यायची अट अशी ठेवा: एकमेकांना न ओळखणारे तीन जण, किमान दोन वेगळे धंदे, पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत सहा महिने. वार्षिकांकाला सहा महिने नसतील तर अट सैल करा, पण शब्दापुढे फुली मारून तसं सांगा. एकाच वर्गातल्या चौघांच्या ग्रुपवर जन्मलेला शब्द कितीही मजेशीर असला तरी तो त्या चौघांचाच. वाक्य ऐकवल्यावर पाचव्याला कळत नसेल तर थांबा.

व्युत्पत्ती हा निसरडा भाग. गोष्ट जितकी रंगतदार, तितका संशय जास्त. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हटलं की बैलांच्या शिंगांना बांधलेल्या पलित्यांची कथा लगेच येते. कथा द्या, पण ‘अशी कथा सांगतात’ एवढंच लिहा. वाक्प्रचार आधी आणि कथा नंतर चिकटली असंही घडतं, आणि त्याचा निकाल तारीख असलेल्या लेखी वापरानंच लागतो. उलट काही शब्दांची जन्मतारीख स्पष्ट असते. ‘डीपफेक’ (यंत्रानं दुसऱ्याचा चेहरा किंवा आवाज चिकटवून बनवलेली खोटी चित्रफीत) हे नाव २०१७ मध्ये रेडिट या संकेतस्थळावरच्या एका वापरकर्त्याच्या टोपणनावावरून आलं. ‘चारसोबीस’ हे १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या फसवणुकीच्या कलमावरून आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते कलम ३१८ चं पोटकलम ४ झालं. म्हणून कुणी एखाद्याला ‘तीनशे अठरा’ म्हणत नाही, म्हणणारही नाही. कलम गेलं, शब्द राहिला. नोंदीत दोन्ही आकडे द्या, नाहीतर पुढच्या पिढीला चारशे वीस हा आकडा कुठून आला तेच कळणार नाही.

इंग्रजी शब्दाला मराठी पर्याय बनवत बसण्याआधी आपल्या घरात बघा. ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द १९३८ च्या एका इंग्रजी नाटकावरून आला आणि मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशानं २०२२ चा शब्द म्हणून निवडला. समोरच्याला त्याच्याच डोक्याबद्दल शंका यायला लावायची, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे ‘वेड्यात काढणे’ आहे. अर्थाची कड थोडी वेगळी, कारण आपल्याकडे ते एका वाक्यातही उरकतं आणि तिकडे ते महिनोन्‌महिने चालतं. पण ‘वायूदीपन’सारखं काही घडवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. याच्या उलट बाजूला ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ आणि पोरांचं ‘येडा बनून पेढा खाणे’ शेजारी शेजारी ठेवा. वेड-पेड, येडा-पेढा: यमक तेच, सोंग तेच, नव्यात फक्त फायदा उघड सांगितलाय.

‘भामटा’ची नोंद जपून करा. रोजच्या बोलण्यात तो ठकाचा समानार्थी आहे, पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ते एका समाजाचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्खे समाज जन्मानं गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शब्दातला डाग तसाच राहिला. शब्द गाळू नका, पण पुढे ही माहिती द्या आणि उदाहरणवाक्य देऊ नका.

‘फेकू’ आणि त्याच्या भावंडांना पक्षाचा वास लागलेला आहे. अर्थ लिहा, ‘राजकीय टिंगलीत जास्त’ अशी खूण करा, पुढे जा.

एक शब्द तुमच्या यादीत नाही, तो घाला. नमुन्यादाखल पूर्ण नोंदच देतो:

एआय (वि., अविकारी). खरं वाटणारं पण खोटं. यंत्रानं बनवलेल्या चित्रा-चित्रफितींवरून, आता न बनवलेल्यांनाही. ‘फोटो एआय हाय रं, बोटं मोज.’ ‘एवढा स्वच्छ रंकाळा? एआय असंल.’ पाहणाऱ्याचा शब्द. क्रियापद: असणे, वाटणे. प्रत्यय अजून नाही.